निळ्या काठाची ताटली

ग्रीसहून परत आल्यापासून विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत मला लिफ्टमध्येसुद्धा सुखानं उभं राहता येत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ दरवर्षी एकदोन देश उरकतात आणि उरलेलं वर्ष त्यांची वर्णनं ऐकवण्यात घालवतात. त्यांनी विचारलं, अथेन्सचं टेकडीवरचं ते खांबांचं देऊळ पाहिलंत ना? म्हटलं, विमानातून दिसलं असेल, मी तेव्हा झोपले होते. बेटांवर गेलात? नाही. ती पांढरी घरं, निळे घुमट? तेही नाही. मग दोन आठवडे तिथं केलंत तरी काय, असं त्यांनी जरा दुखावल्या स्वरात विचारलं. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, शेजारणीची ताटली परत करत होतो. तेव्हापासून ते जिन्यानं जातात.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या नणंद, कुमुदवन्सं. माझ्या यजमानांच्या धाकट्या बहीण. लग्न केलं नाही, पाटबंधारे खात्यात नोकरी केली, निवृत्त झाल्यावर वारज्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये स्वतःच्या नियमांनी राहतात. मी शाळेत भूगोल शिकवला आणि सगळे समुद्र नकाशातच भरून घेतले. आम्ही जवळजवळ एका वयाच्या, पण चाळीस वर्षं एकमेकींना 'अहो' म्हणत आलो. त्यात प्रेम आहे की अंतर, हे ठरवायची वेळ कधी आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी हे गेले आणि ती वेळ आली. मी विश्रांतवाडीला एकटी, वन्सं वारज्याला एकट्या, आणि मध्ये अख्खं पुणं आपल्या सिग्नलांसकट. माझा मुलगा निखिल जर्मनीत असतो. आम्ही दोघी त्याच्याकडे महिनाभर राहायला गेलो, तेव्हा त्यानं जेवताना बेत मांडला. दोन्ही फ्लॅट विकायचे, एक मोठा घ्यायचा, आई आणि आत्या एकत्र राहतील, सगळ्यांना सोयीचं. वन्सं म्हणाल्या, "बघू." मीही म्हटलं, "बघू." पुण्यात नाही म्हणायचं असेल तर असंच म्हणतात, पण परदेशात राहून मुलगा भाषा विसरला होता. त्याला तो होकार वाटला. आधी एकत्र राहून बघा म्हणाला, आणि ग्रीसमधल्या एका समुद्रकाठच्या गावात दोन आठवड्यांसाठी घर भाड्यानं घेऊन दिलं. पाहण्यासारखं काही नाही, फक्त राहायचं, आणि परत जाताना त्याला काय ते सांगायचं.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या मे महिन्यात तिथल्या धक्क्यावर 'घरगुती पुरणपोळी मिळेल, चौकशी फक्त सकाळी' अशी पाटी लागलेली असेल.

शनिवार

अर्धचंद्रासारखा वळलेला किनारा, त्याला लागून फरसबंद रस्ता, रस्त्यावर खुर्च्या, मागे चढावर घरं, आणि सगळ्यात वर एक पडका किल्ला. त्या किल्ल्याकडे आम्ही दोघींनी रोज पाहिलं आणि रोज उद्या जाऊ असं ठरवलं. समुद्र इतका निळा होता की मला वर्गात मुलांनी रंगवलेले नकाशे आठवले. मी त्यांना फिकट रंग लावा म्हणून सांगत असे. वन्संनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, एवढं पाणी, पण प्यायच्या कामाचं नाही. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर नदी याहून भरीव दिसते, असंही त्यांचं मत पडलं. तीस वर्षं धरणांच्या फायली हाताळलेल्या माणसाला समुद्र म्हणजे नियोजनाचा अभाव वाटत असणार.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समोर अंगण. अंगणात लिंबाचं झाड, आणि पलीकडच्या बाजूला शेजारणीचं घर. चावी दारातल्या कुंडीखाली ठेवली होती आणि कुंडीत चक्क तुळस होती. पानं बारीक, झुडूप चेंडूसारखं गोल कापलेलं, पण वास तोच. वन्संनी बॅग खाली ठेवून नमस्कार केला आणि मगच चावी उचलली.

आम्ही आत जाऊन पंखा शोधतोय तोवर दारात फोतिनीबाई उभी. हे शेजारणीचं नाव. तिथं बाईंना 'किरिया' म्हणतात, ती किरिया फोतिनी, पण वन्संनी पहिल्याच दिवशी तिची फोतिनीबाई केली आणि तिनंही हाकेला ओ दिली. सत्तरीची, ठेंगणी, काळा झगा, त्यावर एप्रन, आणि आवाज असा की कुजबुजली तरी धक्क्यावर ऐकू जावं. हातात निळ्या काठाची पांढरी ताटली, एका जागी टवका उडालेली, आणि तिच्यावर ताजी अंजिरं रचलेली. नव्या बिऱ्हाडाला काहीतरी गोड द्यावं, एवढाच अर्थ. ती ग्रीकमध्ये खूप काही बोलली. वन्संनी मराठीत उत्तर दिलं, "अहो कशाला उगाच, राहू दे." आणि दोन्ही हातांनी ताटली घेतली. दोघींचं एकमेकींना कळलं. पुढचे सगळे दिवस त्या अशाच बोलत राहिल्या आणि मी माझ्या मोडक्या इंग्रजीनं मध्ये पडले की दोघी माझ्याकडे त्रासून बघत.

अंजिरं संध्याकाळपर्यंत संपली. मी ताटली धुतली, पुसली आणि अंगण ओलांडायला निघाले. वन्सं दारात आडव्या आल्या.

"वहिनी, रिकामी?"

त्या एका शब्दात माझं माहेर, माझे संस्कार आणि माझी शाळेतली नोकरी, सगळं निघालं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये हे मलाही ठाऊक आहे. पण ते पुण्यात. परदेशात त्याला सूट असावी, अशी माझी समजूत होती.

रविवार

वन्संच्या बॅगेत कपडे थोडे आणि शिधा फार होता. साबुदाणा, थालीपिठाची भाजणी, गूळ, मेतकूट, आणि निखिलकडे लोणी कढवून केलेलं तूप. पहिलं उत्तर म्हणून साबुदाण्याची खिचडी ठरली. दाणे गावातल्या दुकानात मिळाले. कुटायला काही नव्हतं, पण फळीवर शोभेला एक पितळी खलबत्ता ठेवला होता. शोभेच्या वस्तूला कामाला लावण्यात वन्संना फार समाधान मिळतं. जेवणं झाल्यावर त्या अंगणात बसल्या आणि त्यांनी कूट करायला घेतलं. देवळातली घंटा कुणी न थांबता वाजवत राहावी तसा आवाज गावभर घुमू लागला.

समोरची खिडकी उघडली. फोतिनीबाई झोपेच्या झग्यात, केस सुटलेले. तिनं दोन्ही हात जोडून गालाखाली घेतले, डोळे मिटले, मग उघडून सगळ्या गावाकडे बोट फिरवलं आणि ते ओठांवर ठेवलं. तेव्हा आमच्या लक्षात आलं. दुकानांची दारं ओढलेली, खिडक्यांच्या फळ्या मिटलेल्या, रस्त्यावर मांजरसुद्धा पाय पसरून पडलेलं. अख्खं गाव दुपारचं झोपलं होतं. तिथं ती रीतच आहे, दुपारी कुणी कुणाचं दार वाजवत नाही की आवाज करत नाही.

दुपारच्या झोपेवरून पुण्याच्या माणसाला कुणी बोलावं, याहून मोठी नाचक्की नाही. सगळ्या देशानं त्यावरून आमची टिंगल केली आणि आम्ही ती एका कुशीवर वळून सहन केली. वन्संनी बत्ता खाली ठेवला, ओढणीनं कपाळ पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "सुसंस्कृत लोक आहेत हो." मग आम्हीही झोपलो.

संध्याकाळी खिचडी गेली. फोतिनीबाईंनी साबुदाण्याचा एक दाणा बोटांत धरून उजेडात पाहिला. चमचाभर तोंडात घातल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसत राहिली आणि ताटली घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली आमच्या दारात परत. तिच्यावर घट्ट दह्याचा मोठा गोळा, वरून मध आणि अक्रोड. मी हरखले. वन्संनी दह्याकडे नीट पाहिलं.

"मिरची लागली, म्हणून दही. टोमणा आहे हा."

पुण्याबाहेरही कुणाला इतका मुद्देसूद टोमणा मारता येतो, हे मान्य करताना त्यांना जड गेलं. पण त्या दिवसापासून फोतिनीबाईंकडे बघायची त्यांची नजर बदलली, हेही खरं.

मधला कुठला तरी वार

मग वार कळेनासे झाले. ताटली कुठल्या घरात आहे, यावरून दिवस ओळखायचा. आमच्याकडून थालीपीठ गेलं, तिकडून भात भरून भाजलेले टोमॅटो आले. आमच्याकडून पोहे गेले, तिकडून उकडलेली पालेभाजी आली, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. वन्संनी एक पान उचलून ओळख पटवली, माठ आहे. मग फोडणीविना भाजी ताटात वाढणाऱ्या बाईबद्दल त्यांना काळजी वाटली. मी सुचवलं की आता पुरे, यावेळी ताटली नुसती देऊन टाकू, तिलाही सुटका वाटेल. वन्सं म्हणाल्या, आधी तिनं रिकामी द्यावी. फोतिनीबाईही रिकामी देणार नव्हती, कारण बाजूच्या खानावळीच्या मालकानं, कोस्तानं, आम्हाला समजावून सांगितलं की त्यांच्यातही भांडं रिकामं परत करत नाहीत. दोन्ही बाजूंना तोच नियम, म्हणजे ही ताटली आता कुणाचीच होणार नव्हती.

हा कोस्ता भला माणूस. संध्याकाळी सगळं गाव इस्त्रीचे कपडे घालून किनाऱ्यावर फिरायला येतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा मागे, रमतगमत, भेटेल त्याच्याशी बोलत. आमच्या लक्ष्मी रस्त्यावरही पूर्वी लोक असे काही न घेता फिरत. आता तिथं चालणंच मुश्किल झालंय. वन्संना मात्र फिरणं म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणं. हात हलवत, टाचा आपटत त्या सुटल्या आणि मी मागे. सगळ्या गावाला मागे टाकून आम्ही परत आलो, पुन्हा गेलो, पुन्हा आलो. शेवटी कोस्तानं थांबवून काळजीनं विचारलं, तुमचं काही हरवलंय का? त्यानं बसवून कॉफी दिली. ती छोट्या कपात येते आणि तळाशी गाळ असतो, तो प्यायचा नसतो. धरणातल्या गाळावर वन्संनी आयुष्यभर टिपणं लिहिली, पण पानात काही टाकायचं नाही या शिस्तीत हा गाळही त्या निमूटपणे प्यायल्या.

घरात मात्र सगळं असं खेळीमेळीचं नव्हतं, आणि ते सांगायला हवं, कारण आम्ही त्याच परीक्षेला आलो होतो. वन्सं पहाटे उठतात आणि भांड्यांना उठवतात. मी कप बेसिनमध्ये ठेवून विसरते. मी खोलीतून बाहेर पडले की त्या माझ्यामागे दिवा बंद करतात, मग मी परत जात असले तरी. मी चमचे उजवीकडे ठेवले की संध्याकाळी ते डावीकडे असतात. "तुम्ही बसा वहिनी, मी करते," हे वाक्य त्या इतक्या गोड आवाजात म्हणतात की ऐकणारा लगेच उठून उभा राहतो. मीही काही कमी नाही. त्या भजन लावत, मी बातम्या लावत असे. कुणी कुणाला शब्दानं दुखावलं नाही. पण रोज रात्री मी अंथरुणावर पडून विचार करायची, हे असं कायमचं? आणि नाही म्हटलं तर ह्यांच्या बहिणीला म्हातारपणी एकटं सोडल्यासारखं होईल का? भिंतीपलीकडे वन्संही कूस बदलताना ऐकू यायच्या. त्यांच्या मनात काय आहे, हे विचारायची हिंमत मला होत नव्हती.

एका सकाळी फोतिनीबाई आम्हाला पाण्यात घेऊन गेली. तिथल्या म्हाताऱ्या बायका टोपी घालून गळ्याइतक्या पाण्यात उभ्या राहतात आणि तासन्‌तास गप्पा मारतात. पोहत नाहीत, नुसत्या उभ्या. आपल्याकडे बायका नळावर बोलतात, तिथं समुद्रात. वन्संना पाण्याचा साठा, गळती, बाष्पीभवन सगळं ठाऊक, पण घोट्याच्या वर पाण्यात त्या कधी उतरल्या नव्हत्या. पंजाबी ड्रेस फुग्यासारखा वर आला आणि त्यांनी एका हातानं फोतिनीबाईंचा, दुसऱ्या हातानं माझा हात घट्ट धरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. हळदीकुंकवाला बोटं लागली असतील तेवढीच. मला फार बरं वाटलं आणि त्याच वेळी रात्रीचा प्रश्न आणखी अवघड झाला.

शनिवार, पुन्हा

सकाळी फोतिनीबाई चर्चमधून परस्पर आमच्याकडे आली. झगा नेहमीपेक्षा नीट, केस विंचरलेले, आणि आवाज नव्हताच. ताटलीवर शिजवलेल्या गव्हाची रास, वर पिठीसाखर, डाळिंबाचे दाणे, बदाम. वन्संनी घास घेतला. मला वाटलं, आता काहीतरी मत येणार. खीर आटली वाटतं, असं काही. पण फोतिनीबाईंनी झग्याच्या खिशातून फोन काढून फोटो दाखवला. होडीपाशी उभा असलेला मिशीवाला माणूस. तिनं वर बोट दाखवलं. तिच्या नवऱ्याचा दिवस होता. गेलेल्या माणसाच्या नावानं असे गहू करून वाटतात.

वन्संनी घास गिळला आणि ताटली कपाळाला लावली.

मग फोतिनीबाईंनी भुवया उचलून मला विचारलं, आणि तुझा? मी फोनमधला फोटो काढला. खडकवासल्याच्या काठावर हे आणि वन्सं भाजलेलं कणीस खात उभे आहेत, दोघांच्या नाकाला कोळसा लागलाय. मीच काढलेला फोटो. फोतिनीबाईंनी ह्यांच्यावर बोट ठेवून आमच्या दोघींकडे पाहिलं, कुणाचा? आणि आम्हा दोघींचे हात एकदमच आपापल्या छातीकडे गेले.

ताटली रिकामी जाणार नव्हती, आणि आज तर नाहीच. ह्यांच्या आवडीचं काही करू, असं मी म्हटलं. गावात रवा मिळतो, शिरा करते. वन्सं म्हणाल्या, दादाला शिरा नाही, गुळाचा सांजा आवडायचा. मी म्हटलं, सांज्याला ते हातही लावत नसत, साखरेचा शिराच हवा असायचा, वेलदोडा घालून. वन्सं म्हणाल्या, दर रविवारी वारज्याला येऊन तो सांजाच मागायचा, शिरा काय, मुलांसाठी असतो म्हणायचा. मी म्हटलं, दर रविवारी वारज्याहून आले की मला म्हणायचे, कुमुदनं सांजा केला होता, आता तू जरा शिरा कर.

फोतिनीबाई एकीकडून दुसरीकडे बघत होती.

मग वन्सं हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना ह्यांच्या नंतर पाहिलंच नव्हतं. दोन्ही घरी दोन्ही खाऊन, दोघींना तुझंच बरं म्हणत हा माणूस स्कूटरवरून पुणं ओलांडत राहिला. तिकडून सांज्याचा डबा आणायचा, इकडून त्याच डब्यात शिरा घेऊन जायचा. माझ्या नावाची अक्षरं कोरलेला स्टीलचा डबा. तो आता आठवला आणि मी विचारलं, तो शेवटी कुठं राहिला?

हसता हसता वन्संचा चेहरा बदलला.

"माझ्याकडेच आहे. त्या रविवारी तुमचा शिरा घेऊन आला होता. नंतर मला सांजा करवला नाही. आणि रिकामा कसा पाठवू?"

दोन वर्षं मी समजत होते की वन्संनी येणं कमी केलं, फोन कमी केला, म्हणजे भाऊ गेल्यावर भावजयीशी नातं ते किती. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मी उठून रवा आणायला गेले.

त्या दिवशी एकाच शेगडीवर दोन पातेली चढली. ताटलीवर अर्ध्या भागात सांजा, अर्ध्या भागात शिरा, मध्ये चमच्यानं ओढलेली रेघ. फोतिनीबाईंनी एक घास इकडचा खाल्ला, मान डोलावली. एक तिकडचा खाल्ला, तशीच मान डोलावली. मग आमच्याकडे पाहिलं आणि कुणाचं बरं, ते सांगितलं नाही. वन्सं म्हणाल्या, "दादाच आहे."

निघताना

शेवटच्या दिवशी ताटली आमच्याकडे होती. वन्संनी बेत आखला. फोतिनीबाई बाजारात गेली की ताटली भाजणीच्या वड्यांनी भरून तिच्या दारात ठेवायची आणि सरळ बस गाठायची. उत्तर द्यायला आपण असणारच नाही. शेवटचा डाव आपला. मला हा खेळ नाही, युद्ध वाटू लागलं होतं, पण मी पहारा केला. ताटली ठेवून आम्ही बॅगा ओढत थांब्यावर आलो. कोस्ता निरोपाला आला होता. वन्संच्या चेहऱ्यावर खात्यातलं मोठं प्रकरण निकाली काढल्याचं समाधान होतं.

बस वळणावर दिसली आणि मागून तो आवाज आला. फोतिनीबाई एप्रन सांभाळत उतारावरून पळत येत होती. हातात निळ्या काठाची ताटली, फडक्यात बांधलेली, तिळाच्या बिस्किटांनी भरलेली. तिनं ती माझ्या हातात कोंबली. मी परत करायला गेले तर तिनं माझे हात धरून ठेवले. मग एक बोट माझ्याकडे, एक वन्संकडे केलं, आणि ते बोट आमच्या दोघींच्या मधून इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवलं. तिला कुणी आमची गोष्ट सांगितली होती, कोण जाणे. बहुतेक वन्संनीच, मराठीत.

बस किनाऱ्याच्या कडेनं निघाली. निखिलचा फोन येणार, हे दोघींना माहीत होतं. मी मनाशी वाक्य जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं. वन्सं ताटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"वहिनी, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"एका घरात राहिलो, तर ताटली पाठवायची कुणाकडे?"

मी समुद्राकडे पाहत बसले, कारण मला रडू आलं होतं आणि हसूही. माझ्या मनातलं तेच त्यांच्याही मनात होतं, आणि दोघी एकमेकींना दुखवायला नको म्हणून कूस बदलत होतो. मी म्हटलं, विश्रांतवाडी मात्र फार लांब आहे. त्या म्हणाल्या, लांबच आहे. वारज्याला आमच्या समोरच्या इमारतीत एक फ्लॅट भाड्यानं द्यायचाय, दुसरा मजला, जिना बरा आहे. ते त्यांनी केव्हा हेरून ठेवलं होतं, मी विचारलं नाही.

निखिलचा फोन आला तेव्हा यावेळी आम्ही 'बघू' म्हटलं नाही. नाही म्हटलं. दोघींनी, एकदम.

विश्रांतवाडी

पुढच्या महिन्यात मी वारज्याला जातेय. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना आता लिफ्ट मोकळी मिळेल. निम्मं सामान बांधून झालंय, पण ताटली मी बाहेरच ठेवलीय.

काल रविवार होता. दुपारी, म्हणजे माझ्या झोपेच्या वेळी, बेल वाजली. दारात वन्सं, कपाळावर घाम, कारण दोन बस बदलून आल्या होत्या. दुपारी आल्याबद्दल त्यांनी आधी माफी मागितली. मग पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा काढला. माझ्या नावाची अक्षरं घासून घासून पुसट झालेली. हातात घेतला तर अजून कोमट होता.

झाकण उघडलं. गुळाचा सांजा, वर तुपाची धार.

"चव बघा," वन्सं म्हणाल्या, "दादाला आवडायचा तसा झालाय का."

मी चव पाहिली. तसाच झाला होता. आम्ही दोघींनी तो निळ्या काठाच्या ताटलीत घेऊन खाल्ला, ह्यांच्याबद्दल बोललो, बऱ्याच वेळा हसलो. मग वन्सं तिथंच सोफ्यावर आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला. मी डबा आवाज न करता घासला, पुसला, आणि रवा भाजायला घेतला.